रविवार, एक ते पाच

एक वाजला तशी बाबांनी फोनची वायर काढली.

सगळे बघत होते म्हणून असेल, त्यांनी ते नेहमीपेक्षा सावकाश केलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, भिंतीतली पिन उपटली, वायरीची गुंडाळी करून फोनवर ठेवली आणि हात झटकले.

"झालं. आता पाच वाजेपर्यंत जग आपलं आपण सांभाळेल."

वाक्य आईचं होतं. ताईने मान खाली घातली. तिच्या शेजारी बसलेले काका नखांतलं ग्रीस कोरू लागले. ताईचा भाऊ बाळ खिडकीशी उभा होता. त्याची बायको, सूनबाई, स्वयंपाकघराच्या दारात होती, खांद्याला पर्स अडकवून.

"कुठे बाहेर निघालीस का गं?" ताईने विचारलं.

"नाही. का?"

"घरातल्या घरात पर्स घेऊन उभी आहेस म्हणून."

"राहिली खांद्याला," सूनबाई म्हणाली. पण तिने ती काढली नाही.

आई जाऊन सहा आठवडे झाले होते. ताई त्यानंतर पहिल्यांदाच येत होती. ती दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स होती आणि रजा मागायची म्हणजे कुणाच्या तरी पाया पडायचं, तसा तो प्रकार होता. पण बाबांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. सगळे रविवारी जेवायला या, मला काही सांगायचंय. चाळीस वर्षांत बाबांनी कुणाला 'या' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. बाबा जायचे. लोक लिफ्टमध्ये अडकायचे आणि बाबा ताटावरून उठून जायचे. खाली वर्कशॉपवर पाटी होती, 'वीस मिनिटांत हजर'. आजोबा गोदामांतल्या मालाच्या लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हापासूनची ती पाटी. त्या पाटीपायी या घरात आजीची जेवणं एकटीने झाली, मग आईची झाली. ताईच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला बाबा आले होते, पण तिचं नाव पुकारलं तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

"तर," बाबा बसत म्हणाले, "पुढच्या रविवारपासून पूर्ण दिवस बंद. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. तिचा शेवटचा टप्पा राहिला होता. तो मी करणार."

ताईला वाटलं, आता सगळे बोलतील. काका म्हणतील, दादा, शाब्बास. बाळ येऊन पाठीवर हात ठेवेल. काका नखंच कोरत राहिले.

"बरं वाटलं बाबा," शेवटी तीच म्हणाली. "आईला फार बरं वाटलं असतं."

"तिला सांगून ठेवलं होतं मी. जायच्या आधी चार दिवस. म्हटलं, तुझा पूर्ण दिवस पक्का." बाबांनी बाळकडे पाहिलं. "तू का गप्प?"

"नाही, म्हणजे," बाळ म्हणाला, "थोडं थांबू या का?"

"थोडं थोडं करतच दोन वर्षं काढली की. अजून किती थोडं?"

"पूर्ण दिवस म्हणजे जरा जास्तच होतो दादा," काका म्हणाले.

"तुझं काय जातंय? तूही झोप."

"मला दुपारची झोप येत नाही."

"मग दिवसभर नखं कोरत बस."

बाबा हसले, पण एकटेच. ताई एकेकाकडे बघत होती. काका तिचा लहानपणापासूनचा लाडका माणूस. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिले, भावाच्या मागे हत्यारांची पिशवी घेऊन तीस वर्षं फिरले. आई गेली तेव्हा ते बाबांपेक्षा जास्त रडले होते. तेच काका आज वहिनीच्या शेवटच्या इच्छेला आडवे येत होते.

"अडचण काय आहे ते तरी सांगा," ती म्हणाली. "इमारतींची कामं सुटतील? सुटू देत चार."

"इमारतींचा प्रश्न नाही ताई," सूनबाई दारातून म्हणाली.

"मग?"

"कुणी अडकलं तर?"

"दोन वर्षांत कुणी अडकलं?" बाबा मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण रागाने नाही. हे सांगायला त्यांना नेहमीच आवडायचं. "मी रजिस्टर काढून दाखवतो. रविवारी वायर काढलेल्या वेळात एक नोंद नाही. सोमवारी सकाळी एकाने तरी तक्रार केली, की काल तुमचा फोन लागला नाही? लोक रविवारी दुपारी अडकतच नाहीत. घरी जेवून पडलेले असतात. आपणच उगाच चाळीस वर्षं छाती बडवून घेतली."

बाळने खिडकीबाहेर तोंड केलं.

*

लोक रविवारी अडकत नाहीत, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच कळलं होतं, आणि कळायला दोन वर्षं लागली होती.

एका रविवारी आई हातात कागद घेऊन आली होती. इस्पितळाच्या छापील कागदावर कुणी तरी टप्पे लिहून दिले होते. म्हणाली, लेकीने पाठवलंय, ऐकायचंच आहे. एकदम काही सोडायचं नाही. आठवड्यातून अर्धा तास कामाचं काही करायचं नाही. तीन महिने झाले की आणखी अर्धा तास. असं करत करत चार तास, आणि शेवटी एक अख्खा दिवस.

"अर्ध्या तासाने काय होणार?" ते म्हणाले होते.

"काही होणार नाही, म्हणून तर करायचं."

पहिला अर्धा तास त्यांनी फोनसमोर बसून काढला. वायर काढलेला फोन वाजेल की काय म्हणून. ती शेजारी बसून बटाटे सोलत होती आणि हसत होती. "अहो, तो मेलेला आहे. त्याच्याकडे बघून तो उठणार नाही." दुसऱ्या रविवारी तिने त्यांना नाक्यापर्यंत नेऊन आणलं. ते इतक्या भरभर चालले, की ती मागे राहिली आणि दहा मिनिटांत ते घरी परत आले. मग राहिलेल्या वेळाचं काय करायचं? तिने सांगितलं, परत जाऊन या आणि या वेळी रस्त्यावरची झाडं मोजा. ते सगळं मोजून आले. अकरा. त्यातलं एक वठलेलं.

पुढच्या टप्प्यांत ते जेवताना घड्याळाकडे बघायचे थांबले. मग जिना उतरताना दोन दोन पायऱ्या सोडायचे थांबले. एकदा दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. आणि मग कधी तरी पाचव्या का सहाव्या टप्प्यात, ते दुपारी झोपले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, आजारी नसताना. जागे झाले तेव्हा भिंतीवर ऊन होतं, घर शांत होतं, आणि ती दारातून येऊन त्यांच्याजवळ टेकली होती. "झाली झोप?" तिने विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता. त्यांना वाटलं, उन्हात बसली असेल. किती बरी दिसते, असंही वाटलं.

ती गेल्यावर लोक येऊन सांगून गेले, की तुम्ही तिला काही कमी केलं नाही. ते ऐकून त्यांना लाज वाटायची. त्यांना माहीत होतं, की चाळीस वर्षं त्यांनी तिला काहीच दिलं नव्हतं, घर सोडलं तर. पण शेवटची दोन वर्षं, दर रविवारी, आधी अर्धा तास, मग वाढत वाढत एक ते पाच. तेवढं दिलं होतं. सकाळी उठायला अंगात जीव नसायचा तेव्हा ते हेच मनाशी धरून उठत होते. दुसरं धरायला काही नव्हतं.

*

सव्वादोनला सूनबाईच्या पर्समध्ये काही तरी थरथरलं.

जेवणं झाली होती आणि कुणी नीट जेवलं नव्हतं. ताई आणि बाळमध्ये हळू आवाजात जुंपली होती. तू बदललास. तुला काय माहीत इथलं. मला माहीत नाही कारण कुणी सांगत नाही. सूनबाई ताटं उचलत होती. पर्स थरथरली तशी ती हातातलं ताट तसंच ठेवून जिन्याकडे निघाली.

हे तिला आता सवयीचं झालं होतं. पाच रविवार. पहिल्या रविवारी तर आईंना जाऊन आठवडाही झाला नव्हता. आईंचा फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो त्यांच्या कपाटात वाजला आणि तिने उचलला. एक माणूस ओरडत होता. त्याला काय सांगायचं असतं? बाबा आतल्या खोलीत झोपले होते, सहा दिवसांत पहिल्यांदा. तिने काकांना पाठवलं. मग पुढच्या रविवारी तिने फोन जवळच ठेवला. बस, इतकंच झालं होतं. आणि आता बाबा म्हणत होते, पूर्ण दिवस.

"कुणाचा आहे?" ताईने विचारलं.

"माझाच. ऑफिसचा."

"मग इथेच घे की. आम्ही काय खातोय तुला?"

"वर रेंज बरी येते."

"सूनबाई," बाबा म्हणाले.

तिच्या हातात फोन होता. लहानसा, बटणांचा. मागचं झाकण बसत नव्हतं म्हणून त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली होती, लिफ्टच्या वायरींना गुंडाळतात तीच. बाबांनीच गुंडाळून दिली होती.

"तो तिचा फोन आहे," बाबा म्हणाले.

थरथर थांबेना. सूनबाईने बाळकडे पाहिलं. बाळने मान हलवली, पण 'दे' अशी की 'नको' अशी ते तिला कळलं नाही. बाबांनी हात पुढे केला होता. तो हात मागे जाणार नव्हता. तिने फोन त्यांच्या तळव्यावर ठेवला.

बाबांनी बटण दाबलं. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "लिफ्ट सर्व्हिस."

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. इतका खणखणीत, की सगळ्या खोलीला ऐकू गेला. "आता हे कोण? आज पुरुष?"

"बोला बाई. कुठे अडकलात?"

"नेहमीच्याच ठिकाणी. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. तुमच्या त्या भल्या माणसाला पाठवा, पिशवीवाल्या. त्याला रस्ता पाठ आहे."

काका केव्हाच उठले होते. त्यांनी पिशवी उचलली, चपला हातातच घेतल्या आणि जिना उतरून गेले. त्यांनी पत्ता विचारला नाही. बाबांनी ते पाहिलं.

"वीस मिनिटांत येतोय," बाबा म्हणाले. असं म्हटलं की ते फोन ठेवायचे. अंगठा लाल बटणावर गेलाही.

"ठेवू नका हं," बाई म्हणाल्या. "त्या बाई ठेवत नाहीत."

"कोण बाई?"

"तुमच्याकडच्या. मी शाळेत मास्तरीण होते, चाळीस पोरं एका वेळी गप्प बसवली, पण या डब्यात बंद झालं की मला घाम फुटतो. त्या बोलत राहतात. माणूस येईपर्यंत. मागच्या दोन वेळी कुणी दुसरीच मुलगी होती. चांगली आहे, पण घाबरते माझ्यापेक्षा. त्या बाई कुठे आहेत?"

बाबांनी खुर्ची चाचपली आणि बसले.

"नाहीत," ते म्हणाले.

"बाहेरगावी गेल्यात?"

"हो."

"बरं झालं. जरा विश्रांती. मी सांगायचे त्यांना. अहो, तुम्ही दुसऱ्यांच्या झोपेसाठी किती धावपळ करता! एकदा मी घाबरून ओरडायला लागले, तर मलाच म्हणतात कशा, बाई, जरा हळू बोला, आमचे हे झोपलेत." बाई हसल्या. "म्हटलं, वा गं वा. अडकलेय मी आणि आवाजही मीच हळू करू? मग दोघी हसलो. तुम्ही कोण त्यांचे? कामाला आहात का?"

"हो," बाबा म्हणाले. "कामालाच."

"मग त्यांना सांगा, जिना चढत जाऊ नका म्हणावं. फोन आला की त्या गच्चीवर जायच्या, खाली आवाज नको म्हणून. वर पोचेपर्यंत इतकी धाप लागायची त्यांना, की बोलताच यायचं नाही. मग त्या तिकडे गप्प आणि मी इकडे गप्प. मी म्हणायचे, बसा तुम्ही आधी, मी कुठे पळून जातेय? मीच त्यांना धीर द्यायचे."

बाबांनी फोन कानाला आणखी दाबला.

"आहात ना?" बाई म्हणाल्या. आवाज जरा बारीक झाला होता. "काही तरी बोला."

बाबांनी तोंड उघडलं. कुणाला तरी धीर देताना काय बोलतात? त्यांना मोटर ठाऊक होती, ब्रेक ठाऊक होता, दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली लिफ्ट वरचं चाक हाताने फिरवून दाराशी कशी आणायची ते ठाऊक होतं. आतला माणूस त्यांना दार उघडल्यावरच दिसायचा. तोपर्यंत तो नुसता एक मजला असायचा.

"घाबरू नका," ते म्हणाले. "दोर तुटत नाही. सहा दोर असतात. एकसुद्धा सगळं वजन पेलतो."

"हे कुणी सांगितलं नव्हतं मला," बाई म्हणाल्या. "अजून सांगा."

बाबा सांगत राहिले. दोरांचं, ब्रेकचं, लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या स्प्रिंगचं. ताई उभी होती तिथेच खाली बसली. एकोणीस मिनिटांनी पलीकडे पत्रा वाजला आणि काकांचा आवाज आला, "चला बाई, जपून, पाय उचला." मग फोन बंद झाला.

*

"कुणी लावून दिलं?" बाबांनी विचारलं.

"मी," बाळ म्हणाला. तो अजून खिडकीशीच होता. "तुमची वायर निघाली की इथे येणारा फोन तिच्या फोनवर वाजेल, असं लावून दिलं. पहिल्याच महिन्यात. तिने मला शपथ घातली होती. बाबा, दुसरा मार्ग नव्हता. लोक आत अडकतात. फोन नुसता वाजत राहिला आणि आत कुणाला काही झालं असतं तर? तीन माणसं ठेवून पाहिली आपण रविवारला. तिघंही महिन्यात पळाले."

"आणि काका जायचे."

"काका जायचे. नोंद सोमवारची लिहायचे."

"दर रविवारी?"

"दर रविवारी नाही. कधी एक फोन, कधी तीन. कधी एकही नाही."

ताई उठली. "आणि तुम्ही दोघं बघत बसलात? ती जिने चढत होती आणि तुम्ही बघत बसलात? आणि तू," ती सूनबाईकडे वळली, "तू तर तीच गादी चालवायला घेतलीस. आता तूही वर खाली कर. इथल्या बायकांचं ठरलेलंच आहे."

"मी काय करायला हवं होतं ताई?" सूनबाई म्हणाली. "तुम्ही सांगा. तुम्ही इथे असतात तर काय केलं असतंत? बाबांना उठवलं असतंत?"

"हो! उठवलं असतं!"

"मग आईंनीही उठवलं असतं की. त्यांना काय कळत नव्हतं?"

बाळ म्हणाला, "ताई, तिला बोलू नकोस. या घरात गेले सहा आठवडे कोण राबतंय ते तुला दिसत नाही. तू लांबून टप्पे पाठवतेस, एखाद्या रविवारी येतेस आणि जातेस."

बाबा ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. फोन त्यांच्या हातात उलटा होता आणि ते अंगठ्याने लाल पट्टीची सुटलेली कड दाबत होते. दाबली की ती पुन्हा उचलायची.

काका परत आले तेव्हा साडेतीन वाजत आले होते. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली.

"पोचल्या बाई घरी. चहा घ्या म्हणत होत्या." मग त्यांनी चौघांचे चेहरे पाहिले. "दादा, मी तुला सांगणार होतो."

"केव्हा सांगणार होतात काका?" ताई म्हणाली. "तिला धाप लागते हे तुम्हाला दिसत होतं ना? ती तुम्हाला गच्चीवरून पत्ते सांगायची. ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"आणि तरी?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीला त्यांनी खांद्यावर बसवून मशीन रूम दाखवल्या होत्या. तिच्यावर आवाज चढवायचा नाही, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. पण एकोणीस मिनिटांत स्कूटर हाणून, सगळे मजले चढून आणि चाक फिरवून आलेल्या माणसाचं ठरवलेलं टिकत नाही.

"धाप मला ऐकू येत होती," ते म्हणाले. "पण ती कशाची ते तुला माहीत होतं. तिला डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं होतं? मी का?"

ताईने बाबांकडे पाहिलं.

"वहिनीच म्हणाल्या मला," काका म्हणाले. "म्हटलं, वहिनी, तब्येत दाखवा. तर म्हणाल्या, दाखवलीय, लेकीच्या इस्पितळात. तिला सगळं ठाऊक आहे, तुम्ही काळजी करू नका. म्हणून मी काळजी केली नाही. मला वाटलं, तुला ठाऊक आहे म्हणजे झालं."

"मला फोनचं माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "शपथेवर सांगते, मला फोनचं माहीत नव्हतं."

"कसली तब्येत?" बाबांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. "कसली तब्येत?"

"हृदय," ताई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. ती माझ्याकडे चार दिवस आली होती बघा. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण वेग कमी करा. एकदम नाही, हळूहळू. त्यांनी टप्पे लिहून दिले."

"कुणाला?"

"बाबा—"

"तो कागद कुणाला लिहून दिला?"

"आईला," ताई म्हणाली. "तो कागद आईचा होता. ती म्हणाली, हे थांबल्याशिवाय मी कशी थांबणार? हे ताटावरून उठले की मला पुन्हा सगळं गरम करायचं, हे येईपर्यंत जागायचं. आधी यांना थांबवते, यांच्याबरोबर आपोआप मीही थांबेन. मला ते पटलं. मला वाटलं, तुम्ही दोघं विश्रांती घेताय. फोनवर विचारलं की म्हणायची, हो गं, घेतोय, आज साडेतीन तास झाले." तिने नाक पुसलं. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. म्हणाली, त्यांना कळलं तर ते घाईघाईने सगळं बंद करतील आणि चार दिवसांत वेडे होतील."

बाळ पहिल्यांदाच खिडकीपासून हलला. तो येऊन ताईच्या शेजारी जमिनीवर बसला.  काका दाराशीच उभे होते. प्रत्येकाने आपापला तुकडा इतकी वर्षं जपून ठेवला होता, दुसऱ्याला त्रास नको म्हणून, आणि आता ते सगळे तुकडे खोलीच्या मधोमध पडले होते.

"चुकलंच आपलं," काका म्हणाले. "सगळ्यांचंच चुकलं दादा. पण कुणी वाईट केलं नाही."

"नाही," बाबा म्हणाले. "कुणी वाईट केलं नाही."

त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. "हा आता माझ्याकडे राहील. सूनबाई, तू याला हात लावायचा नाहीस."

"म्हणजे परत तेच बाबा," ताई म्हणाली. "परत दिवसरात्र."

"मग काय करू? ती बाई चौथ्या मजल्यावर लटकलेली असते."

 बाळने माणसाची जाहिरात पुन्हा देऊ असं म्हटलं. काकांनी हो म्हटलं. ते होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

 मग बाबा एकदम म्हणाले, "शेवटचा टप्पा. पूर्ण दिवस. तो तिला मिळाला नाही."

"नाही," ताई म्हणाली.

"आणि चार तास? एखाद्या रविवारी? ज्या दिवशी फोन आला नाही त्या दिवशी?"

"येईल म्हणून ती जागीच असायची," बाळ म्हणाला. "फोन मांडीवर घेऊन."

"एक तास?"

"दादा, नको आता," काका म्हणाले.

"मी विचारतोय त्याचं सांगा. मी दोन वर्षं समजत होतो, मी तिला काही तरी देतोय. मला कळू दे तिला किती पोचलं. एक तास? अर्धा तास? कागदावर पहिला टप्पा तेवढाच होता. अर्धा तास."

 मग सूनबाई पुढे आली आणि त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"तुम्हाला झोप लागेपर्यंत त्या तुमच्याजवळ असायच्या," ती म्हणाली. "तेवढा वेळ फोन माझ्याकडे द्यायच्या. मला सांगायच्या, हा माझा वेळ आहे, आभाळ कोसळलं तरी बोलवायचं नाही. पाय वर घेऊन बसायच्या तुमच्या उशाशी. मी एकदा दारातून पाहिलं होतं. काही करत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मला झोप लागायला किती वेळ लागायचा?"

"बराच."

"बराच म्हणजे?"

सूनबाईने साडीचा काठ बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"पाच मिनिटं?" बाबांनी विचारलं.

"कधी कधी," सूनबाई म्हणाली.